गाडी आपोआप थांबते

मास्तरीणबाईंचा चष्मा नाकावरून उडाला, समोरच्या काचेवर आपटला आणि पायाशी कुठेतरी जाऊन पडला. गाडी भर रस्त्यात खिळा ठोकल्यासारखी उभी होती. समोर एक कबुतर होतं. गाडी आणि कबुतर यांच्यामध्ये अजून एक गाडी आरामात मावली असती. कबुतर आपलं शांतपणे दाणे टिपत होतं. मागच्या टेंपोवाल्याने मात्र करकचून ब्रेक लावला, मग हॉर्न दाबून धरला आणि मग खिडकीतून मान बाहेर काढून, मास्तरांना गाडी चालवायला कोणत्या गाढवाने शिकवलं, अशी चौकशी केली.

"बघितलंस?" मास्तर म्हणाले. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून हवेत धरले होते, कुणी बंदूक रोखावी तसे. "बघितलंस ना? मी काही केलं का? आपोआप थांबली!"

चष्म्याशिवाय बाईंना मास्तरांचं नाकसुद्धा धड दिसत नव्हतं, त्या काय बघणार! त्या सीटखाली हात घालून चाचपडत राहिल्या.

"आधी कडेला तरी घ्या," त्या म्हणाल्या. "मागचा माणूस तुमच्या गुरूंवरून आता बापजाद्यांवर आलाय."

मास्तरांनी गाडी कडेला घेतली. चष्म्याची एक काडी वाकली होती. बाईंनी ती बोटांनी सरळ करून पाहिली, चष्मा नाकावर तिरका बसवला आणि मनातल्या मनात म्हणाल्या, देवा, रविवारपर्यंत तरी सांभाळ रे बाबा.

रविवारचं काय होतं ते सांगायला हवं. पण त्याआधी मास्तरांचं सांगते, कारण मास्तर कळल्याशिवाय या गाडीचं दुखणं कळायचं नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते गाडी शिकवणारे मास्तर. शहरातला दंतवैद्य, कोर्टातल्या टंकलेखिका, बँकेतला व्यवस्थापक, कोपऱ्यावरचा औषधवाला, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांच्या शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. पहिल्या दिवशी ते गाडी चालूच करू देत नसत. उभ्या गाडीत शिकाऊ माणसाला बसवायचं, डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचं, "पाय कुठे आहेत?" माणूस हमखास डोळे उघडून खाली बघायचा. मग मास्तर ओरडायचे, "बघू नका! सांगा! स्वतःचे पाय कुठे आहेत हे ज्याला बघावं लागतं, त्याने रस्ता कधी बघायचा?" लाजून लाल झालेली कितीतरी मोठमोठी माणसं त्यांनी अशी डोळे मिटून बसवली होती. आणि चपलेत गाडी नाही. बूट हवेत, तेही नाडी बांधलेले. चप्पल घालून आलेल्याला ते दारातूनच परत पाठवत.

मास्तर स्वतः बसायचे शेजारच्या सीटवर. शिकवायच्या गाडीत त्या बाजूलाही दोन पायटे, म्हणजे पेडल, असतात, एक क्लचचा आणि एक ब्रेकचा. शिकणारा घाबरून भलतंच काही करायला लागला की मास्तर दोन्ही पाय एकदम दाबत, डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर. धप्प! गाडी जागच्या जागी उभी. या दोन पायांनी शहरातल्या किती भिंती, किती सायकली आणि किती माणसं वाचवली, याचा हिशेब देवाकडेच असेल. संध्याकाळी गाडी आपल्या ड्रायव्हिंगच्या शाळेच्या आवारात लावून मास्तर चालत घरी येत. घरी कधी गाडी नव्हतीच. म्हणजे बघा, अख्ख्या शहराला गाडी शिकवणारा माणूस आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून राहिला.

बाईंनी लग्नानंतर लगेच एकदा विचारलं होतं, "मला शिकवाल का?"

"अजिबात नाही," मास्तर म्हणाले होते. "नवऱ्याने बायकोला गाडी शिकवायला घेतली की गाडीही बिघडते आणि बायकोही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका घरच्या गुरूला कंटाळून आलेल्या असतात."

बाई हसल्या आणि विषय तिथेच राहिला. तसे त्यांच्या संसारात बरेच विषय तिथेच राहिलेले होते.

मास्तरांनी शिकवणं थांबवलं आणि शाळा दुसऱ्याला दिली, तेव्हा त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. आता स्वतःची गाडी. आणि तीही अशी तशी नाही. रोज सकाळी जाहिराती वाचून, दुकानादुकानांतून दारं उघडून मिटून, मागच्या सीटवर गुडघे टेकवून शेवटी त्यांनी जी गाडी निवडली तिला विकणारे लोक लक्झरी कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणत. बाईंच्या मते गाडी एवढीशी आणि तोरा एवढा. पण एकदा आत बसल्यावर त्यांनीही हात टेकले. घरातल्या सोफ्यावर नाही इतकं सुख त्या सीटवर होतं. डोक्यावर काचेचं छप्पर, त्यातून आभाळ दिसायचं. प्रार्थना करत बसायला अशी जागा देवघरातसुद्धा नाही, असं त्या म्हणाल्या. आणि मुख्य म्हणजे मळमळलं नाही. बस म्हटली की बाईंचं पोट ढवळायला लागायचं, टॅक्सीत तर बसायच्या आधीच. या गाडीत सीट उंच, समोरचा रस्ता लांबवर दिसायचा, आणि बाई पहिल्या फेरीनंतर हसत उतरल्या. त्याच दिवशी त्यांनी थोरल्या बहिणीला फोन केला. "ताई, आता बघ मी कशी येते ते!"

ताई डोंगरातल्या गावात राहायच्या. रस्ता वळणावळणांचा. बाई मागच्या वेळी बसने गेल्या होत्या, तर अख्खा दिवस ताईंच्या पलंगावर, उशाशी बादली घेऊन पडून होत्या, आणि बोलणं काय झालं, तर "थोडं पाणी देऊ का?" एवढंच. आता ताई समुद्रापलीकडे मुलाकडे राहायला जाणार होत्या, कायमच्या. सोमवारी निघणार होत्या. त्यांचं वय पाहता परत भेट व्हायची ती देवाच्या दारातच, हे दोघींना ठाऊक होतं आणि दोघीही ते फोनवर बोलत नव्हत्या. आई गेल्यावर धाकटीची वेणी घालण्यापासून तिचा अभ्यास घेण्यापर्यंत सगळं ताईंनी केलेलं. रविवारी मास्तर आपल्या नव्या गाडीतून बाईंना वर घेऊन जाणार, हे ठरलं होतं.

आणि गाडी आपोआप थांबत होती.

रोज थांबायची असं नाही, हीच तर खरी चीड होती. मोकळ्या रस्त्यावर छान जायची, आणि मध्येच कोपऱ्यावर, सिग्नलला, कुणी आडवं आलं की धप्प. तसा मास्तरांचा त्या गाडीवर राग आधीपासूनच होता. ती त्यांना सारखी शिकवायची. जरा पांढऱ्या रेषेला चाक लागलं की टूंऽ टूंऽ करायची. मागे घेताना भिंत हातभर लांब असली तरी किंचाळायची. एकदा तर तिने पडद्यावर कपाचं चित्र काढून लिहिलं, आपण थकलेले दिसता, विश्रांती घ्या. "मला?" मास्तर गाडीत एकटेच ओरडले होते. "ही मला सांगणार?" आयुष्यभर दुसऱ्यांना टोकलेल्या माणसाला म्हातारपणी टोकणारी मिळाली होती, आणि तिला गप्प बस म्हणायची सोय नव्हती. समोर काही आलं की ही गाडी स्वतःच ब्रेक लावते, असंही माहितीपुस्तकात लिहिलेलं होतं. मग काय, आरोपी आयताच सापडला.

त्यांनी गाडी दुरुस्तीला नेली. तिथे पांढरा सोफा, फुकट कॉफी, आणि टॅबलेट हातात धरलेली एक गोड बोलणारी मुलगी. गाडी दिवसभर ठेवून घेतली. तिथल्या लोकांनी चालवली, काही नाही. मुलगी शेजारी बसली आणि मास्तरांनी चालवली, तेव्हाही काही नाही. परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसून मास्तरांनी अशी सुरेख गाडी चालवली की मुलगी म्हणाली, "सर, तुमचं ड्रायव्हिंग किती स्मूथ आहे!" मग तिने टॅबलेटवर बोट फिरवलं आणि घोटाळा केला.

"सर, नोंदी पाहिल्या. गाडीने स्वतःहून ब्रेक लावल्याचं एकदाही दिसत नाही. प्रत्येक वेळी पायटा चालकाने दाबलाय."

"चालकाने म्हणजे?"

"म्हणजे... तुम्ही, सर."

मास्तर कॉफी अर्धी टाकून उठले. घरी आल्या आल्या त्यांनी बाईंपुढे सुरू केलं. "मी दाबला! मी! मला ब्रेक शिकवते ती! तिच्या आईला मी शिकवलाय ब्रेक, नाव विचारून घे हवं तर!"

त्या दिवसापासून ते मालकांच्या गटात शिरले. हीच गाडी घेतलेल्या लोकांचा फोनवर एक गट होता आणि तिथे जो तो आपलं दुखणं मांडायचा. मास्तर चहा पिताना मोठमोठ्याने वाचून दाखवायचे. "हे ऐक. याच्या गाडीचा पडदा काळा पडतो. याचं मागचं दार हात न लावता उघडतं, भाजी रस्त्यावर. या बाईंची सीट उन्हाळ्यात गरम होते आणि बंदच होत नाही. आणि हा बघ, हा बघ! माझीही गाडी अचानक थांबते, म्हणतोय. आहे की नाही? वेडा मी एकटाच आहे का?"

"नाही हो," बाई म्हणायच्या. "बरेच आहेत."

मास्तरांनीही आपला अनुभव लिहिला. लांबलचक, परिच्छेद पाडून. त्यावर कुणीतरी विचारलं, काका, याआधी ऑटोमॅटिक गाडी चालवली होती का? मास्तरांनी त्या माणसाला उत्तर दिलं नाही. त्याच्या आगाऊपणाबद्दल बाईंना मात्र बरंच ऐकावं लागलं.

तर कबुतराच्या त्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, घरी आल्यावर मास्तरांनी किल्ली टेबलावर आपटली. "बस्स झालं. शनिवारी दुपारी गाडी दुरुस्तीवाल्यांच्या दारात नेऊन उभी करतो. बदलून देईपर्यंत हात लावणार नाही."

"आणि रविवार?" बाईंनी विचारलं.

"असल्या गाडीतून डोंगर चढायचा? वळणावर थांबली म्हणजे? तुला दरीत घालू का?"

बाई आत गेल्या आणि भाकऱ्या थापाव्या तसा उशांना मार देत अंथरूण झटकत बसल्या.

शुक्रवारी चष्म्याची काडी सरळ करून घ्यायला दोघं बाजारात निघाले. बाईंच्या हातात जपमाळ होती. या गाडीत बसताना आता ती हातात असायचीच. भाजीच्या कोपऱ्यावर माळ बोटांतून निसटली आणि पायाशी पडली. बाई वाकल्या. वाकलेल्या असतानाच त्यांना मास्तरांचे पाय दिसले. चकचकीत काळे बूट, घट्ट नाड्या. उजवा बूट हलकेच ब्रेकच्या रुंद पायट्यावर आला, अलगद, लोण्यावर सुरी ठेवावी तसा. आणि त्याच क्षणी डावा बूट, जो इतका वेळ निवांत टेकला होता, उसळून वर आला आणि त्याच पायट्यावर सगळा जोर लावून तळापर्यंत दाबून बसला.

धप्प. बाईंचं डोकं समोरच्या कप्प्यावर आदळलं.

"परत!" वरून मास्तरांचा आवाज आला. "परत थांबली! लागलं का गं?"

बाई वाकलेल्याच राहिल्या. टेंगूळ येत होतं आणि लख्ख उजेडही पडत होता. या गाडीत क्लच नव्हता. पण मास्तरांच्या डाव्या पायाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. समोर काही आडवं आलं की तो पाय आपला जन्मभराचा धर्म पाळत होता.

"काय शोधतेस एवढं?"

"माळ," बाई म्हणाल्या. "सापडली."

आता सांगायचं कसं? घरी येईपर्यंत त्यांच्या जिभेवर ते पाच वेळा आलं आणि परत गेलं. चष्मेवाल्याकडे त्यांनी सुरुवात करून पाहिली. "अहो, तुमचा डावा पाय दुखतो का?"

"नाही. का?"

"सहज. बूट घट्ट आहे का तो?"

"बुटांना काय झालंय? उत्तम आहेत."

वाटेत औषधवाला दुकानाच्या पायरीवर उभा होता. "काय मास्तर, मागे शिकाऊचा फलक लावायचा राहिला की!" तो ओरडला. मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तूच तीनदा नापास झालास, तू बोलू नकोस!" ते म्हणाले, पण पुढच्या वळणापर्यंत आरशात मागे बघत राहिले. आणि ते पाहून बाईंची जीभ आणखीच जड झाली. हा माणूस स्वतःला विचारत असेल का रात्रंदिवस, की आपलंच काही चुकतंय? आणि तसं असेल तर त्याच्या बायकोने तोंडावर सांगायचं, की हो?

तरी जेवताना त्यांनी धीर केला. "मी काय म्हणते, कदाचित पाय..."

घास मास्तरांच्या हातातच राहिला. "तू पण?" ते म्हणाले. ओरडले नाहीत, हेच वाईट. "त्या पोरीचं ऐकून आता तू पण?" ताटावरून उठून ते बाहेर जाऊन बसले.

बाईंनी ताट झाकून ठेवलं आणि ताईंना फोन लावला. इतकी चीड त्यांना कितीतरी दिवसांत आली नव्हती. "माझं नशीबच असं. गाडी दारात उभी आहे, ठणठणीत आहे, आणि मी तुला भेटायला येऊ शकत नाही, का तर एका माणसाचा डावा पाय ऐकत नाही, आणि तो माणूस माझं ऐकत नाही!"

"अगं धाकटे, सांगून टाक ना तोंडावर."

"तू सांगितलंस का कधी भाऊजींना काही तोंडावर?"

"सांगितलं ना. म्हणून तर तीन वर्षं बोलत नव्हते." ताई हसल्या. मग हसता हसता त्यांचा आवाज बारीक झाला. "कपाट रिकामं केलं आज. तुझी लाल रिबीन सापडली. शाळेतली. ठेवलीय काढून."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हे बघ," ताई म्हणाल्या, "मास्तराला कुणी काही सांगितलेलं चालत नसतं. सांगायचं काम त्याचं."

फोन ठेवून बाई देवापुढे बसल्या. रोज त्या मागणं मागत नसत, नुसत्या बसत. आज मात्र भांडल्या. एवढं विश्व चालवतोस, एक पाय चालवता येत नाही तुला? असं बरंच काही. शेवटी थकल्या आणि गप्प झाल्या. गप्प झाल्यावर ताईंचं ते शेवटचं वाक्य डोक्यात घोळत राहिलं.

शनिवारी सकाळी मास्तर गाडीतलं सामान काढत होते, पाण्याची बाटली, फडकी, उन्हाची टोपी. बाई पदर खोचून बाहेर आल्या. त्यांच्या पायात सासरी गेलेल्या लेकीचे जुने कापडी बूट होते, नाडी बांधलेले.

"गाडी परत जायच्या आधी मला एकदा शिकवा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"गाडी. नंतर कुठे मिळणार अशी? एकदा बसू दे मला तिथे. तुमच्या शाळेच्या मागच्या मैदानात. चिटपाखरू नसतं तिथे."

"अगं, मी तुला कधीच सांगितलंय, नवऱ्याने बायकोला..."

"गाडी तर बिघडलेलीच आहे," बाई म्हणाल्या. "आणि या वयात मी आणखी काय बिघडणार?"

मास्तरांनी त्यांच्या बुटांकडे पाहिलं. नाडीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग गाडीत जाऊन बसले.

मैदानात सीटांची अदलाबदल झाली आणि बाईंनी एक आश्चर्य पाहिलं. शेजारच्या सीटवर बसताच मास्तरांचा गेल्या कित्येक दिवसांचा चेहरा पुसला गेला. पाठ सरळ झाली. हनुवटी वर आली. दोन्ही बूट पुढे सरकून, जिथे त्यांचे दोन पायटे असायचे, बरोबर तिथे चटईवर टेकले.

"सीट पुढे घ्या," मास्तर म्हणाले. बाई दचकल्या. लग्न झाल्यापासून त्यांना नवऱ्याने कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मास्तरांच्या ते लक्षातही नव्हतं. "गुडघा किंचित वाकलेला हवा. हां. आता डोळे मिटा."

बाईंनी डोळे मिटले.

"पाय कुठे आहेत?"

"उजवा ब्रेकवर."

"छान. डावा?"

"तेच विचारायचं होतं," बाई म्हणाल्या. "डाव्या पायाचं काय करू?"

"काही करायचं नाही. ही ऑटोमॅटिक आहे, हिला क्लच नाही. डावा पाय मागे घ्या, टाच टेकवा आणि तो आहे हे विसरून जा. या गाडीत सगळा घात डावा पाय करतो. जुन्या माणसांना क्लचची सवय असते ना, ती काही आडवं आलं की सवयीने डावा पाय उचलतात, आणि तिथे ब्रेकचा पायटा रुंद असतो, मग तो पाय थेट..."

मास्तर थांबले.

मैदानात कुठेतरी एक साळुंकी ओरडत होती. बाईंनी डोळे उघडले नाहीत. उघडा असं त्यांना सांगितलं नव्हतं. शेजारी चामड्याची सीट कुरकुरली. मग बूट चटईवरून मागे घासत गेल्याचा आवाज आला, हळूहळू.

"मग तो थेट कुठे जातो?" शेवटी बाईंनी विचारलं. विचारायला नको होतं, पण टेंगूळ अजून दुखत होतं.

"डोळे उघडा," मास्तर म्हणाले. "ब्रेक हळूच सोडा. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नका. आपोआप सरकेल."

गाडी सरकली. बाईंच्या तोंडून "अगंबाई" निघालं. एवढी मोठी वस्तू आपल्या पायाखाली चालतेय, हे त्यांना खरंच वाटेना. मैदानाच्या टोकाला कुंपणातून एक कुत्रा आत आला आणि समोरून रमतगमत चालू लागला. बाईंनी उजवा पाय दाबला, गाडी थांबली. पण त्याच्या आधीच शेजारून आवाज आला होता. धप्प! मास्तरांचे दोन्ही पाय एकदम चटईवर आदळले होते, जिथे काहीच नव्हतं तिथे.

दोघांनी खाली पाहिलं. करड्या चटईवर दोन बुटांचे धुळीचे ठसे उमटले होते, शेजारी शेजारी. डावा जास्त ठळक होता.

"फार धूळ आहे या मैदानात," मास्तर म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर मास्तरांनी दुरुस्तीवाल्यांना फोन केला. बाई स्वयंपाकघरात भांडं हातात धरून ऐकत होत्या. "हो, हो, येणार होतो. आज जमत नाही. बघू पुढच्या आठवड्यात." फोन ठेवला. मग बाहेर येऊन बाईंकडे न बघता म्हणाले, "ताईंकडे किती वाजता निघायचं म्हणालीस?"

रविवारी सकाळी बाई डबा घेऊन गाडीपाशी आल्या, तेव्हा मास्तर आधीच आत बसलेले होते. त्यांच्या उजव्या पायात चकचकीत बूट होता. डाव्या पायात नुसता मोजा. बूट मागच्या सीटवर ठेवला होता.

"चावतोय," ते म्हणाले.

हे कालपर्यंत उत्तम होते ना, असं बाईंच्या ओठांवर आलं. त्यांनी माळेचा एक मणी पुढे ढकलला.

वळणं सुरू झाली. मोज्यातला पाय सीटच्या बुडाशी दुमडून बसला होता, वर्गात मुलाला कोपऱ्यात बसवावं तसा. मध्येच तो फुरफुरायचा. एका वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. मोज्याची बोटं आक्रसली, टाच उचलली गेली, बाईंनी समोरची कड धरली, पण पाय तिथेच राहिला. उजव्या बुटाने काम केलं. गाडी पाण्यावर होडी थांबावी तशी थांबली. चष्मा नाकावरच होता.

मास्तरांनी मोठा श्वास सोडला. शेवटची शेळी जाऊ दिली. मग म्हणाले, "बघितलंस?"

"बघितलं," बाई म्हणाल्या. आता हा माणूस काहीतरी बोलेल, असं वाटून त्यांनी माळसुद्धा थांबवली.

"दुरुस्तीवाल्यांनी त्या दिवशी गाडी ठेवून घेतली ना, तेव्हा आतून काहीतरी केलंच असणार. दोष कबूल करायचा नाही, पण गुपचूप दुरुस्त करायचं. या मोठ्या कंपन्यांचं असंच असतं."

बाईंनी मान वळवली आणि खिडकीतून डोंगराकडे बघत बसल्या. त्यांच्या घशाशी जे आलं होतं ते मळमळणं नव्हतं. दोन वळणं गेली, चार गेली. काचेच्या छपरातून आभाळ दिसत होतं, स्वच्छ, आणि त्या आभाळात जो कोण बसला असेल तो नक्की हसत असणार, असं त्यांना वाटलं.

ताई फाटकातच उभ्या होत्या. बाई उतरल्या, पाय न लटपटता, बादली न मागता, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या त्या किती वेळ कुणास ठाऊक. मग ताईंची नजर खाली गेली.

"मास्तर, एक बूट कुठे गमावलात?"

"चावतो," मास्तर म्हणाले.

घर जवळजवळ रिकामं झालं होतं. भिंतींवर तसबिरींच्या जागा पांढऱ्या दिसत होत्या. दोघी मागच्या पायरीवर उन्हात बसल्या, धाकटी खालच्या पायरीवर, थोरली वरच्या. ताईंनी न विचारता तिचा अंबाडा सोडला आणि विंचरायला घेतलं. केस आता मूठभरही उरले नव्हते, पण ताई जुन्या सवयीने जोरात ओढत होत्या.

पुढच्या अंगणात मास्तर होते. निरोपाला आलेले शेजारी गाडीभोवती जमले होते आणि मास्तर त्यांना दारं उघडून, छप्पर सरकवून दाखवत होते. आवाज घर ओलांडून मागे येत होता. "गाडी उत्तमच आहे हो. सुरुवातीला एक दोष होता, आपोआप थांबायची. कंपनी मान्यच करेना! पण मी सोडलं नाही. शेवटी करून घेतलं त्यांच्याकडून."

कंगवा थांबला. ताई हसू दाबत होत्या, त्याने पायरी हलत होती. "सांगू का मी जाऊन?" त्यांनी विचारलं. "मी काय, उद्या निघून जाणार. माझ्याशी तीन वर्षं नाही बोलले तरी चालेल."

बाईंनी हात मागे नेऊन ताईंचा हात कंगव्यासकट धरला. अंगणातून अजून आवाज येतच होता, आता तो पांढऱ्या सोफ्यापर्यंत पोचला होता.

"राहू दे, ताई," त्या म्हणाल्या. "मला त्याच गाडीतून परत जायचंय."

ताईंनी लाल रिबिनीची गाठ मारली आणि नेहमीसारखीच जरा जास्त घट्ट मारली.